गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी ‘रेत समाधि’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रेत समाधि’ नेमकी कशाबद्दल आहे?

ऐंशी वर्षांची एक बाई, घरातली ‘माँ’. नवरा गेल्यावर ती अंथरूण धरते आणि घराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडून राहते. दुखणं काही नाही. उठायचं नाही, एवढंच. मुलगा, सून, मुलगी, नातवंडं एकेक करून येतात, समजावतात, रागावतात, लाडीगोडी लावतात. ती आणखी भिंतीत शिरते. मग एके दिवशी ती उठते, घरातून नाहीशी होते आणि सापडल्यावर मुलाच्या घरी परत न जाता एकट्या राहणाऱ्या मुलीच्या फ्लॅटवर मुक्कामाला जाते. तिथून ती थेट पाकिस्तानात पोचते.

एवढंच कथानक. पण कथानक सांगून ही कादंबरी सांगता येत नाही. मला ती एका साध्या प्रश्नाची कादंबरी वाटते : आयुष्यभर कुणाची तरी मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई म्हणून जगलेल्या बाईला ‘तुला काय हवंय’ असं कुणी कधी विचारलं का? पुस्तकात घर आहे, कावळे आहेत, साड्या आहेत, फाळणी आहे, आणि यातलं प्रत्येक प्रकरण फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतं.

बुकर मिळालं म्हणजे नक्की कोणतं? अरुंधती रॉयना मिळालं होतं तेच का?

नाही. बुकर पुरस्कार इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीला देतात. अरुंधती रॉय यांना तो १९९७ साली मिळाला. ‘रेत समाधि’ला मिळालं ते आंतरराष्ट्रीय बुकर. इतर भाषांतून इंग्रजीत आलेल्या आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांसाठी ते आहे. २०१६ पासून ते दरवर्षी एका पुस्तकाला देतात. त्याआधी ते दोन वर्षांतून एकदा, लेखकाच्या एकूण कामासाठी दिलं जायचं. महाश्वेता देवी (२००९) आणि यू. आर. अनंतमूर्ती (२०१३) तेव्हा अंतिम यादीत होते, पण त्यांना ते मिळालं नाही.

मूळ हिंदी कादंबरी २०१८ मध्ये राजकमल प्रकाशनानं काढली. डेझी रॉकवेल यांचा इंग्रजी अनुवाद ‘टूम ऑफ सँड’ या नावानं २०२१ मध्ये टिल्टेड ॲक्सिस या छोट्या ब्रिटिश प्रकाशन संस्थेनं प्रसिद्ध केला. २६ मे २०२२ रोजी लंडनमध्ये पुरस्कार जाहीर झाला. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. हा नियम मला फार योग्य वाटतो. आपल्याकडे अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर शोधावं लागतं.

त्या वर्षी अंतिम सहांत ओल्गा टोकार्चुक, यून फोस्से, मिएको कावाकामी, बोरा चंग आणि क्लाउडिया पिन्येरो होते. टोकार्चुक यांना नोबेल आधीच मिळालेलं होतं, फोस्से यांना पुढच्याच वर्षी मिळालं. स्पर्धा कोणाशी होती हे त्यावरून कळेल. भारतीय भाषेतल्या पुस्तकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. दुसरी वेळ २०२५ मध्ये आली : बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा आणि दीपा भास्ती यांचा अनुवाद.

गीतांजली श्री कोण? या पुस्तकाआधी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं.

हिंदीच्या वाचकांना त्या तीस-पस्तीस वर्षांपासून माहीत आहेत. जन्म १९५७ चा, उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीचा. वडील सरकारी अधिकारी, त्यामुळे बालपण त्या राज्यातल्या वेगवेगळ्या गावांत गेलं. शिक्षण इतिहासाचं, दिल्लीत. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून प्रेमचंदांवर पीएच.डी. केली. ‘श्री’ हे आडनाव नव्हे, ते त्यांच्या आईचं नाव. ‘माई’ (१९९३), ‘हमारा शहर उस बरस’ (१९९८), ‘तिरोहित’ आणि ‘खाली जगह’ या त्यांच्या आधीच्या कादंबऱ्या. ‘विवादी’ या नाट्यसंस्थेसाठीही त्यांनी बरंच काम केलं आहे, आणि ‘रेत समाधि’ मोठ्यानं वाचताना रंगभूमीचा हा संस्कार कानाला जाणवतो.

पहिली शंभर पानं झाली तरी म्हातारी अंथरुणातच आहे. पुढं काही घडतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि पुस्तक अर्ध्यात सोडणारे बहुतेक वाचक याच जागी सोडतात.

कादंबरीचे तीन भाग आहेत : ‘पीठ’, ‘धूप’ आणि ‘हद-सरहद’. पहिल्या भागात काहीच घडत नाही असं वाटतं, कारण आपण माँ कधी उठते याची वाट बघत असतो. घरातले सगळे तेच करत असतात. लेखिकेनं आपल्याला त्या घरातल्या माणसांच्या रांगेत उभं केलं आहे. खोलीत पाऊल टाकायचं, रजईतल्या त्या गाठोड्याकडे बघायचं, ‘आता तरी उठ’ म्हणायचं. मध्येच सेवानिवृत्तीला आलेल्या बडेचा, म्हणजे माँच्या थोरल्या मुलाचा, सरकारी बंगला, त्याच्या बागेतली शेवंती, मेजवान्या, पायात रीबॉकचे बूट घालणारी सून, हसू न येणारा परदेशातला नातू, घराचा दरवाजा. हो, दरवाजासुद्धा. या घरात कोण येतं, कोण जातं आणि कोणाला आत घेतलं जातं हे दरवाजा बघत असतो. तिसऱ्या भागात देशाच्या सरहद्दीवर जे होतं, त्याची तालीम या उंबरठ्यावर झालेली असते.

म्हणून माझा सल्ला : पहिला भाग उरकू नका. रोज आठ-दहा पानं, शक्य असेल तर मोठ्यानं. लेखिका विषय सोडून भरकटतेय असं वाटलं तर तिच्याबरोबर भरकटा. साड्यांच्या नावांची लांबलचक यादी येते तेव्हा ती वाचून काढा, कारण माँ पुढे साडीच सोडून देणार आहे आणि ते पाहून बडेचा जीव किती कासावीस होतो हे त्या यादीशिवाय कळणार नाही. कावळ्यांची सभा भरते तेव्हा हे काय चाललंय म्हणून पान उलटू नका. दुसऱ्या भागात वेग येतो, आणि तिसरा भाग खाली ठेवता येत नाही.

मराठी वाचकानं हिंदीतून वाचावी की इंग्रजीतून?

हिंदीतून. लिपी एकच, निम्म्याहून अधिक शब्द ओळखीचे, आणि जे अडतात ते संदर्भानं उलगडतात. उर्दू आणि उत्तर प्रदेशातल्या बोलींचे शब्द सुरुवातीला थांबवतील, पण पन्नासेक पानांनंतर कान तयार होतो. ज्यांनी मराठी शाळेत पाचवीपासून हिंदी शिकली आणि उरलेली सिनेमा-मालिकांतून आत्मसात केली, त्यांची हिंदी या पुस्तकाला पुरते. हिंदी प्रत सुमारे पावणेचारशे पानांची आहे, ब्रिटिश इंग्रजी आवृत्ती सातशेच्या वर जाते.

रॉकवेल यांचं इंग्रजी हे स्वतंत्रपणे वाचण्यासारखं काम आहे. त्यांनी उपेन्द्रनाथ अश्क, भीष्म साहनी, खदीजा मस्तूर आणि कृष्णा सोबती यांना इंग्रजीत आणलं आहे, त्यामुळे फाळणीचं साहित्य त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. पण तो अनुवाद हिंदी न येणाऱ्यांसाठी आहे. आपल्याला मूळ पुस्तक वाचता येतं, तर दारातून आत जायचं सोडून खिडकीतून कशाला डोकवायचं?

रोझी कोण आहे? तिचं पात्र इतकं महत्त्वाचं का?

रोझी ही माँची जुनी मैत्रीण, हिजडा समाजातली. ती घरात येते तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ होते ती मुलगी. स्वतःच्या हिमतीवर जगणारी, लग्नाशिवाय मित्राबरोबर नातं ठेवणारी, पुरोगामी म्हणून ओळखली जाणारी बेटी. आपण आईपेक्षा आधुनिक आहोत हा तिचा समज रोझीच्या येण्याजाण्यानं पार ढासळतो. ऐंशीची आई गाऊन शिवून घेते, केव्हाही उठते, कुणाशीही बोलते, हसते. आणि मोकळी म्हणवणारी मुलगी हळूहळू घड्याळ बघणारी, औषधांच्या वेळा मोजणारी काळजीवाहू आई होऊन बसते. दुसरा भाग मला सगळ्यात लखलखीत वाटतो तो या उलथापालथीमुळे. आईला सांभाळायला घरी आणलेल्या कित्येक मुलींना या भागात स्वतःचं घर दिसेल.

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. कादंबरी त्यानंतर चार वर्षांनी आली. कागदावर हक्क मिळाला तरी माणसाला दारात उभं करणं, आत घेणं आणि खुर्ची देणं या तीन वेगळ्या गोष्टी राहतात. रोझीच्या वाट्याला त्या कशा येतात ते बारकाईनं वाचा.

ही फाळणीची कादंबरी आहे का?

आहे, पण पाठीवरचं वळ जसं शेवटी सदरा काढल्यावर दिसावं तशी. दोन भाग उलटेपर्यंत फाळणीचं नाव फारसं निघत नाही. मग कळतं की माँ भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा तिच्यासमोर काय होतं.

ज्यांना दंगली, रेल्वेगाड्या, निर्वासितांचे तांडे अशी फाळणी अपेक्षित आहे त्यांना ती इथे क्रमवार मिळणार नाही. मिळते ती एका बाईच्या आठवणीत सत्तर वर्षं दाबून ठेवलेली. सीमा आखण्यासाठी सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला भारतात आले आणि त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्यांनी आखलेली रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र झाल्यावर. आपण कोणत्या देशात झोपलो हे दोन दिवस कित्येकांना ठाऊक नव्हतं. सव्वा ते दीड कोटी माणसं इकडची तिकडे झाली. मेलेल्यांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. इतका मोठा फरक पडतो, कारण मोजायलाच कुणी नव्हतं.

फाळणीत बायकांचं काय झालं? कादंबरी समजायला हे माहीत असणं गरजेचं आहे का?

गरजेचं आहे. या पुस्तकाच्या मुळाशी हेच आहे, आणि शाळेच्या इतिहासात आपल्याला ते कुणी शिकवलं नाही.

फाळणीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना हजारो बायका पळवल्या गेल्या. त्या काळचा सरकारी अंदाज असा, की भारतात सुमारे पन्नास हजार मुसलमान बायका आणि पाकिस्तानात सुमारे तेहतीस हजार हिंदू व शीख बायका अडकल्या होत्या. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांनी ठरवलं की त्यांना शोधून ‘आपापल्या’ देशात पोचवायचं. भारतातल्या कामाची सूत्रं मृदुला साराभाई यांच्याकडे होती. लाहोरात काम केलेल्या कमलाबेन पटेल यांनी पुढे त्या दिवसांवर गुजरातीत पुस्तक लिहिलं. पुढच्या काही वर्षांत दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे तीस हजार बायका परत पाठवल्या गेल्या.

यातल्या असंख्य बायकांची खरोखर सुटका झाली, आणि ते काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी जिवाचं रान केलं. ते आधी मान्य करायला हवं. पण या कामासाठी भारतात केलेला १९४९ चा कायदा वाचला की अंगावर काटा येतो. १ मार्च १९४७ पासून १ जानेवारी १९४९ च्या आत जी मुसलमान स्त्री कुटुंबापासून वेगळी झाली आणि बिगर-मुसलमान व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबात राहताना आढळली, ती ‘अपहृत’. मुलगे सोळा वर्षांच्या आतले असतील तरच या व्याख्येत येत. स्त्रीला मात्र वयाची अट नव्हती. ती चाळीस वर्षांची असो की साठ, तिचं म्हणणं काय याला व्याख्येत जागा नव्हती. पोलिसांना वॉरंटशिवाय तिला ताब्यात घेता येत होतं आणि वाद झाला तर निर्णय न्यायाधिकरण देणार होतं. ‘मी इथंच राहते, माझा संसार आहे, मूल आहे’ असं म्हणणाऱ्या बायकाही होत्या. संविधान सभेत या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा काही सदस्यांनी हरकती घेतल्या होत्या, तरीही ते मंजूर झालं.

उर्वशी बुटालिया, तसंच रितू मेनन आणि कमला भसीन यांनी अशा बायकांशी बोलून जमवलेलं काम १९९८ मध्ये पुस्तकरूपानं आलं. तोवर हा इतिहास घराघरांत गिळून टाकलेला होता. ‘रेत समाधि’ची माँ त्याच पिढीतली. म्हणून ती ऐंशीव्या वर्षी अधिकाऱ्यांसमोर बसून सरहद्द म्हणजे काय हे त्यांनाच समजावून सांगते, तेव्हा त्या बोलण्यामागे किती गप्प बसलेली वर्षं आहेत हे लक्षात घेऊन ते पान वाचायला हवं.

त्या काळात हिंदू आणि मुसलमान यांचं कायदेशीर लग्न होऊ शकत होतं का?

होऊ शकत होतं, पण अडथळ्यांतून. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांनाही ‘मी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणताही धर्म मानत नाही’ असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत ही अट राहिली नाही. हिंदू-मुसलमान जोडप्यांना ती तशीच होती. धर्म न सोडता लग्न करण्याची सोय १९५४ च्या कायद्यानं झाली. हा प्रश्न कादंबरीच्या संदर्भात का येतो हे तिसऱ्या भागात कळेल.

वाघा सीमेच्या प्रकरणात इतके लेखक अचानक येतात. त्यांना वाचलेलं नसेल तर?

वाघ्याच्या रोजच्या संध्याकाळच्या कवायतीत, पाय आपटणारे जवान आणि घोषणा देणारी गर्दी यांच्यामध्ये फाळणीवर लिहिणारे मंटो, भीष्म साहनी, कृष्णा सोबती, इंतिज़ार हुसैन आणि आणखी काही जण येऊन बसतात. काहींबरोबर त्यांची पात्रंही येतात. मंटोंच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेतला, कोणता देश आपला हे न कळून मधल्याच जमिनीवर कोसळणारा बिशनसिंग एवढा जरी माहीत असला तरी प्रकरण निम्मं उलगडतं. ती कथा दहा-बारा पानांची आहे आणि मराठीतही सहज मिळते. आधी ती वाचा, मग हे प्रकरण.

पुस्तक कृष्णा सोबती यांना अर्पण केलेलं आहे. त्या जानेवारी २०१९ मध्ये गेल्या.

शेवट नीट कळला नाही. (पुस्तक वाचलं नसेल तर हे उत्तर वगळा.)

माँचं खरं नाव चंदा, आणि ती फाळणीआधी त्या बाजूची होती. अन्वर हा तिचा पहिला नवरा. व्हिसाशिवाय ती खैबरपर्यंत जाते ती त्याला भेटायला. अधिकाऱ्यांना वाटतं म्हातारी भ्रमिष्ट आहे किंवा हेर आहे. ती परत जायला आलीय, ही तिसरी शक्यता त्यांच्या कागदांत बसत नाही.

गोळी लागते तेव्हा ती उताणी पडते, आकाशाकडे तोंड करून. असं पडण्याचा तिनं आधी सराव केलेला असतो. पहिल्या भागात जगाकडे पाठ करून पडलेली हीच बाई. तेव्हा तिनं जगाकडे पाठ कधी करायची हे ठरवलं, आणि आता मरताना तोंड कुठे असेल हेही तीच ठरवते. काही वाचकांना हा मृत्यू दुःखद वाटतो. मला तो वाटत नाही. भेट झालेली आहे, सांगायचं ते सांगून झालेलं आहे.

पुस्तकावरून वाद झाला होता, तो काय?

जुलै २०२२ च्या अखेरीस आग्र्यात लेखिकेचा सत्कार होणार होता. कादंबरीतल्या शिव-पार्वतीविषयीच्या ओळी आक्षेपार्ह असल्याची तक्रार हाथरस जिल्ह्यातून झाली आणि आयोजकांनी कार्यक्रम रद्द केला. ज्या ओळींवर आक्षेप होता तशा खेळकर, सलगीच्या गोष्टी आपल्या लोककथांत आणि जात्यावरच्या ओव्यांत देवादिकांबद्दल पिढ्यान् पिढ्या म्हटल्या गेल्या आहेत. लेखिकेचा सूर तोच आहे.

महाराष्ट्राला फाळणी दूरचीच ना? आपल्याला हे पुस्तक कितपत भिडेल?

दूरची वाटते, पण नाही. उल्हासनगर हे शहरच सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांना ठेवलं होतं आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळालं. पिंपरीत आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातही तेच लोक आले. आपल्यातल्या अनेकांनी त्यांच्या दुकानांतून कापड घेतलं, पण त्या घरांतल्या आजींना ‘तिकडे तुमचं काय होतं’ असं विचारलं नाही. मराठी साहित्यात हा विषय तुरळक येण्याचं एक कारण हेही असावं.

हे पुस्तक आवडलं. आता काय वाचू?

आधी त्यांचीच ‘माई’. लहान आहे, आणि आईकडे बघणाऱ्या मुलीची नजर तिथे पहिल्यांदा तयार झालेली दिसते. मग अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’. पळवून नेलेल्या बाईचा परत जाण्या-न जाण्याचा निर्णय १९५० मध्येच त्यांनी किती धाडसानं लिहिला ते बघा. त्यानंतर कृष्णा सोबती यांचं ‘गुजरात पाकिस्तान से गुजरात हिंदुस्तान’. सवड असेल तर यशपाल यांच्या ‘झूठा सच’चे दोन्ही खंड, पण त्यासाठी एखादी मोठी सुट्टी बाजूला काढा.